चार तारांची दोन वाद्ये

इंदुरीच्या गढीजवळील एका घराच्या माडीवर दोन वाद्ये शेजारी शेजारी उभी असतात. एक आजींचा मिरजेचा तंबोरा, दुसरी नातवाची बेस गिटार. दोन्हींना तारा चारच. तंबोऱ्याने चाळीस वर्षे जिनमंदिरातील स्तवनांना सूर पुरवला; गिटार दोन वर्षांपूर्वी घरात आली आणि भक्तिसंध्येत पेटीच्या मागे जाऊन उभी राहिली. प्रारंभी तिच्याविषयी कुरकुर झाली. पुढे, खर्जाचा आधार मिळाला की समूहगान ढासळत नाही, हे ज्येष्ठ मंडळींच्याही कानांना पटले.

गेल्या चातुर्मासाच्या आधी नातवाने तिचा पिकअप बदलण्याचे ठरवले. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेले लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकासमोर कंप पावली की वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उमटतो आणि तोच ध्वनिवर्धकातून मोठा होऊन बाहेर पडतो. लाकडाचा त्यात वाटा किती, यावर वादक मंडळी आजही तावातावाने भांडतात. पिकअपविषयी मात्र कोणाचे दुमत नाही.

निवड सोपी नव्हती. त्याच्या मनात भरला होता जॅझ बेसचा, म्हणजे फेंडर कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या वाद्याचा, दोन पिकअपांचा संच. दिसायला सडपातळ, सुराला धारदार. परंतु त्यांतील एकच पिकअप चालू ठेवला की घरगुती विजेची गुणगुण त्यात शिरते. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते आणि बेसच्या खालच्या तारेवरील एक स्वर एकोणपन्नासांचा. म्हणजे स्तवन थांबले तरी हा आगंतुक सूर गातच राहणार! याउलट १९५७ पासूनच्या प्रिसिजन बेसमधील पिकअप दोन तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकडा दोन तारांखाली, दोघांचे वेढे व चुंबक परस्परविरुद्ध. त्यामुळे बाहेरची गुणगुण परस्पर रद्द होते आणि तारांचा सूर तेवढा उरतो. शिवाय वाजवताना उजव्या हाताचा अंगठा ठेवायचा तो पिकअपच्याच काठावर. दोन तासांच्या भक्तीत तो काठ बोचरा असला तर स्वराकडे लक्ष राहत नाही. पिकअप तारांच्या फार जवळ आणावा, तर चुंबक तार ओढतो आणि सूर डगमगतो.

तारा उतरवून तो बसला असता त्याने सहज विचारले, “आजी, तुझ्या तंबोऱ्याचा पिकअप कुठला?”

आजींनी भोपळ्यावरच्या तबलीवरील घोडीकडे बोट दाखवले. तंबोऱ्याचे सारे गुपित तिथेच आहे. घोडीची पाठ सपाट दिसली तरी तिला अतिशय सूक्ष्म उतार असतो. तार त्या उताराला स्पर्श करीत, सोडीत कंप पावते. खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी खुलते आणि एका तारेतून स्वरांचे मोहोळ उठते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवले, की तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर नियमाने निघूच नयेत, तेही तंबोऱ्यात निघतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला घेतली, त्यांच्या हातांना हे शास्त्र आधीच ठाऊक असावे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

नातवाचा पुढचा प्रश्न मात्र सहज नव्हता. गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीतून जातात, ती पट्टी चांगल्या वाद्यांत हाडाची असते, हे त्याला नुकतेच कळले होते आणि त्याने दुकानदाराकडून प्लास्टिकची मागून घेतली होती. “आजी, ही घोडी कशाची?”

आजी गप्प झाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी हे विचारले नव्हते.

तंबोरा पुण्याला एका मिरजकर कारागिराकडे गेला. त्याने घोडीवर नख फिरवले. “सांबरशिंग आहे, माई. पूर्वी हेच लावत. आता मिळतही नाही, कायद्याने बंद आहे.” मग धीर द्यावा तसे म्हणाला, “सांबराची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात.”

हे खरे आहे. पण गळलेले शिंग आणि मारून काढलेले शिंग घोडीत घासून बसले की वेगळे ओळखू येत नाही. घरी त्यावर आठवडाभर चर्चा झाली. कोणी म्हणाले, जे झाले ते अजाणता. कोणी म्हणाले, वाद्य मंदिराला वाहिलेले आहे, त्यात दोष कसला! आजींच्या मनात मात्र लहानपणी पाठ केलेले तीन शब्द घोळत राहिले: कृत, कारित, अनुमोदित. केले नाही, करवले नाही. पण कळल्यानंतरही तीच घोडी वाजवत राहणे, याला काय म्हणायचे?

पर्याय दोन होते. कृत्रिम पांढऱ्या पदार्थाची घोडी टिकाऊ, जवारी बराच काळ धरणारी. दुसरी काळ्या शिसवीची. सूर किंचित मऊ, पण लाकूड लवकर झिजते, जवारी वारंवार काढावी लागते. शिवाय लाकूड म्हणजेही एकेंद्रिय जीवच. नातवाचा कौल कृत्रिम घोडीला होता; हिंसेच्या हिशेबात ती सर्वांत स्वच्छ, आणि तबलीवरच्या पांढऱ्या नक्षीशी मिळतीजुळती.

आजींनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली. “ही शिंगासारखीच दिसते रे. मंदिरात बसणाऱ्या मुलींना वाटेल, तंबोऱ्याला शिंग लागतंच.” त्यांनी शिसवी निवडली. हिशेबाने पाहता नातवाचे म्हणणे अधिक बरोबर होते, असे म्हणण्यास जागा आहे. पण वाद्य आजींचे होते.

नव्या घोडीवर जवारी बसायला दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या खेपेला खर्जाची पितळी तार पार बसकी बोलली. दुसऱ्या खेपेला कारागिराने ती एवढी खुलवली की आजींनी डोळे मिटून घेतले. पूर्वीची झळाळी मात्र आली नाही. “थोडा जड झालाय,” एवढेच त्या म्हणाल्या आणि दोरा केसभर पुढे सरकवला.

नातवाने दोन तुकड्यांचाच पिकअप घेतला, गोलसर काठाचा, साध्या काळ्या आवरणाचा. तो बसवताना त्याला गिटारवरचे आच्छादन काढावे लागले. तांबूस-तपकिरी, कासवाच्या पाठीची नक्कल केलेले ते प्लास्टिक; वाद्य घेताना त्याला सर्वाधिक आवडले होते ते तेच. तो ते बराच वेळ हातात धरून बसला. पर्युषणाच्या पहिल्या संध्याकाळी गिटार मंदिरात आली, तेव्हा तिच्यावर साधा काळा पत्रा होता.