पावसाळ्यातलं वाळवण

वाळवण हा उन्हाचा कारभार. चैत्र-वैशाखात चंदगड तालुक्यातल्या अंगणांत, गच्च्यांवर जुनी लुगडी अंथरली जातात आणि त्यांवर नाचणीचे पापड, तांदळाच्या पापड्या, कुरडया, सांडगे वाळत पडतात. रंगाची हौसही तेव्हाच फिटते. साबुदाण्याच्या पापड्यांची एक ओळ गुलाबी, एक हिरवी. रंग पुडीतला, चिमटीने टाकलेला. मग मृग लागतो, आणि सह्याद्रीच्या या कडेला पाऊस असा ठाण मांडतो की कपडेसुद्धा चुलीच्या धगीवर वाळवावे लागतात. पोरं घरात कोंडलेली, आणि त्यांना दर तासाला काहीतरी कुरकुरीत हवं.

अशा दिवसांत मी चीजचे क्रॅकर करते. लोक त्याला परदेशी बिस्किट म्हणोत, माझ्या लेखी ते ऊन नसताना केलेलं वाळवणच. पीठ तेच, लाटणं तेच, फक्त सूर्याचं काम ओव्हनकडे.

चीज आता चंदगडातही मिळतं, चौकोनी वड्यांचं. २५ ग्रॅमची एक, अशा चार वड्या किसायच्या. त्यात ६० ग्रॅम नाचणीचं पीठ, तेवढीच कणीक आणि ५० ग्रॅम गार बटर. नुसत्या नाचणीवर भागत नाही. तिच्यात गव्हाची चिकटाई नाही, लाटायला गेलं की कडा फाटतात. मीठ जवळजवळ नकोच, चीजमध्ये ते पुरेसं असतं. दोन-तीन चमचे गार पाण्यात गोळा बांधून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, पातळ लाटायचा, काट्याने टोचायचा, शंकरपाळ्याच्या कातण्याने कापायचा. टोचायचा आळस करू नये, नाहीतर पुरीसारखे फुगतात आणि आतून मऊ राहतात. १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी बेकरीची भट्टी गाठावी; दिवाळीत नानकटाईचे पत्रे घेऊन आपल्या बायका जातातच की.

खरी गंमत रंगात आहे. पुडीतला रंग आज्ञाधारक, घालाल तसा दिसतो. शेतातल्या रंगाला स्वतःची मर्जी असते. बिटाचा गुलाबी धगीपुढे टिकत नाही, भट्टी तापट असली तर विटकरी होऊन बाहेर येतो. लिंबाचे चार थेंब आणि थोडी मंद आच दिली तर बराच वाचतो. पालकाचं उलटं. आंबट लागलं की त्याचा हिरवा शेवाळी पडतो. सोडा घातला तर हिरवा राहतो, पण चव साबणाकडे झुकते, म्हणून मी शेवाळीच पसंत करते. हळदीच्या गोळ्यात सोडा पडला तर पिवळ्याचा तांबूस होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत ज्यांच्या घरात होती, त्यांना याचं नवल वाटायचं नाही. नाचणी मात्र भट्टीत जाताना जशी तांबूस-करडी, तशीच बाहेर येते. शेजारच्या आजी डोकावल्या, "काय करूलालीस गे?" म्हणाल्या, आणि तीन रंगांतून त्यांनी नेमका तो नाचणीचा उचलला.

आता नारिंगी. विलायती चेडर चीज नारिंगी दिसतं ते दुधामुळे नव्हे, तर शेंद्रीच्या बियांमुळे. तीच शेंद्री, काटेरी बोंडांची, आपल्याकडे कोकणात परसात दिसणारी. बियांवरचा शेंदरी लेप गरम तेलात चटकन उतरतो. ते तेल चमचाभर पुरतं. दुकानातल्या पिवळ्याधमक बटरच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा, पुष्कळदा तिथेही तीच निघेल. हे झाड मूळचं अमेरिकेचं. आणि ज्या काजूवर आज चंदगडची कितीतरी घरं चालतात तोही तिकडचाच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलेला. घाटाखालून वर चढला आणि इथल्या जांभ्या मातीत असा रुजला की त्याला परका म्हणायची आता कुणाची छाती नाही. कारखान्यातून तुकडा काजू स्वस्तात मिळतो. त्याची भरड घातली तर बटर निम्म्यावर आणता येतं, कारण काजूत जवळजवळ निम्मा स्निग्धांशच असतो. चवीच्या बाबतीत तर मी चीजला दुय्यम मानते: चीज खारटपणा देतं, खुसखुशीतपणा काजूचा.

टिकण्याबाबत मात्र भ्रमात राहू नका. आषाढातल्या हवेत उघडा ठेवलेला क्रॅकर संध्याकाळपर्यंत चामट होतो. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. मऊ पडलेच तर पाच मिनिटं पुन्हा भट्टीत, पापड शेकावा तसे. आणि करणार असाल तर नाचणी मृगाच्या आधीच कडक उन्हात वाळवून दळून ठेवा. ते काम अजून कुठल्या ओव्हनला जमलेलं नाही.