बाबा, चोक ओढला होतात का?

मागच्या मे महिन्यात बाबांचा फोन आला तेव्हा मी हायटेक सिटीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. काचीगुड्याहून तिला बंजारा हिल्सला तपासणीला नेताना पंजागुट्ट्याजवळ गाडी बंद पडली होती. भर दुपारचं ऊन, आईच्या डोळ्यावर काळा चष्मा, मागे हॉर्नचा गोंगाट. अमीरपेटला मेट्रो बदलून मी पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. दोघं फ्लायओव्हरच्या सावलीत उभी होती. मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"बाबा, चोक ओढला होतात का?" मी आईसमोरच, जरा चढ्या आवाजात विचारलं. ते काहीच बोलले नाहीत.

गाडी १९९७ सालची, कार्ब्युरेटरवाली. तुमच्याही घरी कधीकाळी असेल अशी छोटी पांढरी. त्या दिवशी बाबांनी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. आई ऑटोने जाऊ लागली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सत्तरी ओलांडलेला माणूस या ट्रॅफिकमध्ये नको, असं मी बायकोला आधीपासूनच म्हणत होतो.

पंधरा दिवसांनी तीच गाडी घेऊन मी लकडी का पूलला सिग्नलवर उभा असताना ती बंद पडली. चोक बिलकूल ओढलेला नव्हता. अर्धा तास घाम पुसत बसलो आणि गाडी आपोआप सुरू झाली. आमच्या धंद्यात अशा बगची सगळ्यांना भीती असते: टेस्टर दाखवायला गेला की तो गायब, आणि आम्ही म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" पंजागुट्ट्याला मी बाबांना तेच म्हणालो होतो, फक्त शब्द वेगळे होते.

कोणी म्हणालं, उन्हात पेट्रोलची वाफ होऊन लाईन अडते. तसंही होतं खरं. पण बरकतपुऱ्याच्या आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकचाचांनी हात झटकला. "मियाँ, ठंडे में नक्को देखो, गरम में देखो. करंट है क्या नै, वो देखो."

मग रविवारी सकाळी बायकोचा हेअर ड्रायर अंगणात आला. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत एक छोटी काळी डबी दिसते, तेच इग्निशन मॉड्यूल. जुन्या गाड्यांत जे काम प्लॅटिनम पॉइंट करायचे, ते इथे ट्रान्झिस्टर करतो. कॉइलचा प्रवाह सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद करायचा. काही अँपिअरचा प्रवाह, त्यामुळे डबी तापणारच. त्यात ती बसलेली इंजिनला चिकटून, आणि पंखा नाही. उष्णता जायला एकच वाट, डबीच्या तळाच्या पत्र्यातून डिस्ट्रिब्युटरच्या धातूत.

चाचांनी कॉइलची वायर एका जादा प्लगला जोडली आणि तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवला. स्टार्टर मारला तर निळी ठिणगी. पाच-सात मिनिटं ड्रायरची हवा दिली, पुन्हा मारला तर काही नाही. थंड होऊ दिलं, ठिणगी परत आली. बग सापडला होता!

स्क्रू काढून मॉड्यूल उचललं तर खाली कोरडं ठणठणीत. वर्षापूर्वी एका गॅरेजमध्ये ते बदललं होतं, पण खाली थर्मल पेस्ट लावलीच नव्हती. दोन पत्रे कितीही घट्ट बसवले तरी मध्ये बारीक फटींत हवा राहते आणि हवा उष्णता अडवते. ही पेस्ट मला अनोळखी नव्हती. इंजिनिअरिंगला असताना सिकंदराबादच्या सीटीसीतून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचो तेव्हा प्रोसेसरवर तीच लावायचो. एक अर्धी ट्यूब कपाटात पडलेलीच होती.

अमेरिकेत हेच दुखणं कोर्टापर्यंत गेलं होतं. फोर्डने १९८०च्या दशकात लाखो गाड्यांत मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवलं होतं. तापल्यावर गाडी बंद पडते अशा तक्रारी आल्या, आणि २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशांनी त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

आमचं जुनं मॉड्यूल तापून-तापून कमजोर झालं होतं, म्हणून नवं आणलं. बैठक घासून पुसली, पेस्टचा अगदी पातळ थर दिला (जाड थराने उलट अडथळा होतो, आणि साधं ग्रीस तर मुळीच चालत नाही), स्क्रू नीट आवळले. चाचांनी अर्थिंगची वायर साफ केली, झिजलेले प्लग बदलले आणि कॉइल याच गाडीची आहे ना हे पाहिलं. कमी रोधाची कॉइल लागली तर प्रवाह वाढतो आणि मॉड्यूल पुन्हा तापतं. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करून रेडिओ ऐकायचा नाही, असंही बजावलं. ही सवय बाबांची नाही, माझी.

त्या संध्याकाळी मी खुंटीवरची किल्ली बाबांपुढे ठेवली. "तुमची चूक नव्हती," एवढं म्हणायला मला बराच वेळ लागला. त्यांनी पेपर खाली केला नाही. पण पुढच्या मंगळवारी दुपारी एक वाजता, रणरणत्या उन्हात, आईला घेऊन निघाले. मी मागे बसलो होतो. पंजागुट्ट्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काय रे, चोक ओढू का?"