छतावरचा ससा

आजारी मुलाला छत फार दिसतं. धडधाकट माणूस वर बघतो तो पंखा कुरकुरायला लागला तरच. लहानपणी मला कावीळ झाली, तेव्हा आमच्या कौलारू घरात माझ्या खाटेच्या वर एक काचेचं कौल होतं. त्यातून उतरलेला उन्हाचा तुकडा सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा, दुपारी माझ्या पांघरुणावर यायचा आणि शाळा सुटायच्या सुमाराला समोरच्या फडताळावर चढायचा. उकडलेला दुधी चिवडत मी त्याच्यावर पाळत ठेवून असे. घरची माणसं मात्र माझे डोळे बघत, पिवळेपणा उतरला का ते.

मुलांच्या चित्रपुस्तकांतही अशा दोन नजरा असतात. बरीच पुस्तकं खाटेशेजारी उभं राहून काढलेली. मोठाले डोळे, सलाइनची बाटली, ओठांवर समंजस हसू. पोर इतकं गुणी की डॉक्टरांनाच भरून यावं. मला अशी पुस्तकं पटत नाहीत. आजारी मूल चिडचिडं असतं, लबाड असतं आणि भावाच्या ताटातल्या भज्यांवर त्याचा डोळा असतो.

झोपून काढलेलं पुस्तक म्हणजे लुडविग बेमेलमन्स यांचं 'मॅडलिन'. १९३८ साली फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांची सायकल मोटारीवर आदळली (बेटावर तेवढी एकच मोटार होती, असं ते सांगत) आणि ते इस्पितळात पडले. शेजारच्या खोलीत अपेंडिक्स काढलेली एक लहान मुलगी होती, आणि छताला गेलेली भेग अधूनमधून सशासारखी दिसायची. पुढच्याच वर्षी पुस्तक आलं. त्यात ती भेग आहे, तो ससाही आहे. तेव्हा पेनिसिलिन हाताशी नव्हतं, अपेंडिक्स म्हणजे जिवावरचं दुखणं. तरी मॅडलिन पलंगावर उभी राहून पोटावरचा व्रण ऐटीत दाखवते. तिला भेटून आलेल्या वसतिगृहातल्या मुली रात्री रडतात, पण कीव येऊन नव्हे. त्यांनाही आपलं अपेंडिक्स काढून हवं असतं! आजारी मुलीचा हेवा वाटायला लावणारं पुस्तक मला तरी दुसरं माहीत नाही.

बिएट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससाही आजारपणातूनच उडी मारून आला. ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी आजारी असलेल्या पाच वर्षांच्या नोएल मूरला सचित्र पत्र लिहिलं, त्यातली ही गोष्ट. धीर धर, औषध घे, असला उपदेश तिच्यात नाही. आहे तो चोरून भाज्या खाणारा ससा. शेवटी तोही अंथरुणात पडतो. त्याच्या वाट्याला काढा आणि भावंडांना ब्लॅकबेरी, हा अन्याय नोएलला लगेच कळला असणार.

ल्युकेमियासारख्या दुखण्यात अशी मस्करी चालत नाही, हे खरं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी घातलेली मुलं वडिलांच्या कडेवर दिसतात, तेव्हा लेखकाची जीभ जड होणं स्वाभाविक आहे. चार्ल्स शुल्ट्झ यांनी चार्ली ब्राउनच्या दोस्तमंडळीत जेनिस आणली १९९० साली. तिला ल्युकेमिया होतो, केस जातात, शाळेतला एक मुलगा तिच्या टोपीवरून तिला चिडवतो आणि एरवी शांत असलेला लायनस खवळतो. घरी जेनिसच्या बहिणीची कुरकुर वेगळीच: आता सगळं हिच्याभोवतीच चाललंय. ही कुरकुर ठेवली म्हणून शुल्ट्झना मानायचं.

पण सदाको सासाकीपाशी मी अडखळतो. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५च्या फेब्रुवारीत तिला ल्युकेमियामुळे इस्पितळात ठेवलं, २५ ऑक्टोबरला ती गेली. हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती घड्या घालत बसायची. एलिनॉर कोअर यांच्या १९७७च्या पुस्तकात ६४४ पक्षी होतात आणि उरलेले वर्गमित्र पुरे करतात. हीच गोष्ट जगभर गेली. प्रत्यक्षात, तिच्या भावाने आणि हिरोशिमाच्या संग्रहालयानेही सांगितलंय, तिचे हजार पुरे झाले होते. ती बरी झाली नाही. आणि तरी ती पुढे करतच राहिली.

पुस्तकाला हे सोसलं नसावं. हजार पुरे होऊनही काही घडत नाही, ते पान मुलांसमोर कसं उघडायचं? मला उलट त्या हजारानंतरच्या पक्ष्यांचंच कुतूहल आहे. त्यांच्यामागे नवस असेल, नाहीतर बोटांना लागलेला नाद. दोन्हीही असेल. १९५८ साली हिरोशिमात तिचं स्मारक झालं. हात उंचावून क्रौंच धरलेली मुलगी तिथे उभी आहे. आता कुणी चित्रकाराने तिला जरा खाली उतरवावं. कागद संपला की ती औषधाच्या पुड्यांचे कागद वापरायची, दुसऱ्या रोग्यांच्या खोल्यांत जाऊन भेटवस्तूंचे कागद मागायची. तेवढंच काढावं: दार ढकलून आत डोकावणारी, थोडी आगाऊ पोरगी, आणि खोका अजून न उघडलेला रोगी, तिच्या घाईने गोंधळलेला.