सांवेर रोड, थर्मोकोल आणि दादाचं विमान

या पानावर राजवाडा, सराफा, रामबाग, गणेशोत्सवातली नाटकं यांवर भरभरून लिहून झालंय. सांवेर रोडवर मात्र कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही. दिसणार तरी कसं? आपली वस्ती तिकडे कधी नव्हतीच. उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जाताना गाडीच्या काचेतून दिसणारे पत्र्याचे शेड आणि ट्रकांच्या रांगा, एवढीच त्याची ओळख. माझी मात्र नोकरीतली बरीच वर्षं तिकडच्या शाखेत गेली, आणि निवृत्तीनंतर तोच रस्ता एका भलत्याच कामासाठी पुन्हा पायाखाली आला. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

कर्ज दिलेल्या कारखान्यांचा माल तपासायला आम्हाला जावं लागे. त्यात एक थर्मोकोलचा कारखाना होता. पॉलिस्टायरीनचे बारीक मणी वाफेवर फुगवायचे, काही तास मुरू द्यायचे, मग साच्यात पुन्हा वाफ देऊन पलंगाएवढा ठोकळा करायचा आणि तापलेल्या तारेनं त्याच्या वड्या पाडायच्या. गोडाऊन छतापर्यंत भरलेलं. नवा ऑफिसर तिथे हमखास दबून जायचा, केवढा हा माल! वजनावर घेतला की आकडा एवढासा. थर्मोकोलमध्ये साधारण ९८ टक्के हवाच असते. शेठ हसून म्हणायचे, "साब, आपने तो हवा पे लोन दिया है." कर्ज मात्र त्यांनी वेळेवर फेडलं, हेही सांगायला हवं.

१ जुलै २०२२ पासून सजावटीचं थर्मोकोल देशभर बंद झालं. गणपतीच्या मखरांसाठी आपण सगळ्यांनीच ते कापलेलं आहे. आता शेठचा मुलगा फक्त पॅकिंगचा माल काढतो. त्याच्याकडे त्या पावसाळ्यात मी चार शीट मागायला गेलो. "अंकल, मखर तो अब बंद है ना?" म्हटलं, मखर नाही, विमान करायचंय. त्यानं पैसे घेतले नाहीत. चेहऱ्यावरून वाटलं, साहेबांचं वय झालं.

विमान माझं नव्हतं, दादाचं होतं. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. १९६५ च्या लढाईनंतर हवाई दलात जायचं म्हणून अर्ज केला, डोळ्यांच्या तपासणीतून परत आला. मग आयुष्यभर गिरणीत फिटर. विमानाचा विषय पुन्हा घरात कधी निघाला नाही. पण वरून विमान गेलं की हातातलं काम थांबवून तो वर बघायचा. सत्त्याहत्तराव्या वर्षी उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. चहाचा कप अर्धाच भरायचा, हे वहिनींनी न बोलता सुरू केलं. अशात माझ्या नातवानं मोबाइलवर फोमच्या रिमोटच्या विमानाचा व्हिडिओ दाखवला. दादानं तो तीनदा पाहिला आणि म्हणाला, "बाळू, हे आपण करू. पण लवकर." त्या 'लवकर'चा अर्थ मला कळला. मी काही बोललो नाही.

काम सुरू झालं आमच्या गच्चीवरच्या खोलीत. मी कॉमर्सवाला, मला स्क्रूड्रायव्हरसुद्धा नीट धरता येत नाही. नातू इंजिनिअरिंगला, त्यामुळे मोटर, रिसीव्हर वगैरे त्याच्याकडे. दादाचा हात हवेत थरथरायचा, पण कोपर टेबलावर टेकवलं की पात्याची रेघ सरळ यायची. पन्नास वर्षांचा सराव कुठे जातो? जुन्या एलिमिनेटरवर निक्रोमची तार तापवून त्यानं पंख असे कापले की शेठचा कारीगर लाजला असता. गोंदाचं मात्र शिकावं लागलं. झटपट चिकटणारा गोंद थर्मोकोल खाऊन टाकतो, ग्लू-गन जास्त तापली तर भोक पाडते, आणि फेव्हिकॉल आत हवा न मिळाल्यानं दोन-दोन दिवस ओलाच राहतो. लिपो बॅटरी दुखावली तर पेट घेऊ शकते, म्हणून ती चार्ज करायला वहिनींनी एक जुना माठ दिला आणि वर, "दोन म्हातारे आणि एक फटाका," असं म्हणून खाली निघून गेल्या.

माझं काम हिशेबाचं. बँकेची जुनी डायरी काढली आणि प्रत्येक वस्तू तराजूवर ठेवून नोंदवत गेलो. मोटर ५२ ग्रॅम, स्पीड कंट्रोलर २५, बॅटरी ११०, रिसीव्हर १२, दोन सर्वो २०, पंखा ११. म्हणजे यंत्रांचे २३०. बाकी सगळं थर्मोकोल, बांबूच्या काड्या, टेप आणि गोंद. पंख टोकापासून टोकापर्यंत १ मीटर, रुंदी १८ सेंटिमीटर. तयार विमान भरलं ६४० ग्रॅम, आणि इथेच आमचं वाजलं.

दादा फिटर. त्याच्या दृष्टीनं वस्तू करायची तर मजबूत. त्यानं पोटात प्लायवूड घातलं होतं, जाड तारेवर चाकं बसवली होती, टेप दुहेरी. "पडलं तर मोडायला नको." मी म्हटलं, अरे, जड आहे म्हणूनच पडेल. दोन दिवस अबोला. मग मी नातवाला विचारून नीट समजून घेतलं आणि दादाला बँकेच्या भाषेत सांगितलं. पंख तोच ठेवून वजन चौपट केलं, तर हवेत टिकायला वेग दुप्पट लागतो. वजन म्हणजे कर्ज, वेग म्हणजे त्याचा हप्ता. जड विमानाला सतत पळावं लागतं, आणि पळणारं विमान चालवणाऱ्याला विचार करायला सवड देत नाही. हलकं विमान सावकाश उडतं, थोडी चूक झाली तरी सावरायला दोन क्षण देतं. दादानं हाताकडे पाहिलं. "म्हणजे मला वेळ मिळेल." मी हो म्हटलं.

मग त्यानंच चाकं काढली, ४८ ग्रॅम. प्लायवूड ३४. पोटावरची जादा टेप १६. सगळ्यात गमतीचं म्हणजे शेपटी. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर यायला हवा. शेपटी तिथून लांब, नाक जवळ, त्यामुळे मागच्या एका ग्रॅमला पुढे जवळजवळ तीन ग्रॅम मोजावे लागतात. शेपटीवरच्या टेपचे ६ ग्रॅम उतरवले आणि नाकात भरलेलं १६ ग्रॅमचं शिसं आपोआप सुटलं. असं व्याज मी कुठल्याच शाखेत पाहिलं नाही. डायरीत शेवटचा आकडा लिहिला, ५२० ग्रॅम.

राहिला हाताचा प्रश्न. उजव्या काठीवर वळण आणि नाकाचं वर-खाली, आणि कंप नेमका उजव्या हातात. इथे माझी जुनी खोड उपयोगी पडली. मी छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. रिमोटच्या पुस्तिकेत 'एक्स्पो' नावाची सोय सापडली. ती लावली की काठी मध्याच्या आसपास थोडी हलली तर विमान ते जवळजवळ मनावर घेत नाही, मुद्दाम लांब सरकवली तरच वळतं. नातवानं ती ५० टक्क्यांवर ठेवली. रिमोटचा पट्टा गळ्यात, कोपरं पोटाशी, आणि पंखांची टोकं दोन-दोन इंच वर उचललेली, म्हणजे काठी सोडली की विमान आपलं आपण सरळ होतं.

उडवायचं कुठे? २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशावर हिरवा भाग बघावा लागतो. तिथे ४०० फुटांपर्यंत मोकळीक, विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. म्हणून कारखाने मागे टाकून आम्ही थेट सांवेरच्या बाजूला गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याच्या पीककर्जाचं काम कधी काळी माझ्या टेबलावरून गेलं होतं. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं. तो म्हणाला, "दादाजी, गेहूँ बोने से पेले जित्ता उड़ाना हो, उड़ा लो." दिवाळीनंतरचे तीन रविवार मिळाले.

पहिला वाऱ्यानं खाल्ला. झोत आला, विमान नाकावर आपटलं, नाक मोडलं. दादा अजिबात खचला नाही. टूथपिक, ग्लू-गन, टेप, वीस मिनिटांत नाक जागेवर. मग मला म्हणाला, "बघ, हलकं होतं म्हणून एवढ्यावरच भागलं." जसं काही हे त्यानंच मला शिकवलं होतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी सातला हवा अगदी पडलेली. नातवानं फेकलं, वर नेलं, ट्रिम जुळवलं, आणि ८०-९० फुटांवर असताना रिमोट दादाच्या गळ्यात अडकवला. मी दादाच्या हाताकडे बघत होतो, विमानाकडे नाही. अंगठा थरथरत होता. मग वर बघितलं, तर विमान थरथरत नव्हतं. मोठा, ढगळ असा एक गोल घेतला त्यानं. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तिथे सगळे गोंधळतात. नातू म्हणाला, "आजोबा, जो पंख खाली झुकलाय तिकडे काठी न्या." दादा म्हणाला, "कळलं. डाव्या आट्याचा बोल्ट आहे हा." आणि सरळ केलं. साडेचार मिनिटं. बांधावर शेतकऱ्याची मुलं आणि दोन म्हशी. उतरवायला त्यानं रिमोट परत दिला, म्हणाला, "आज एवढंच."

तिसऱ्या रविवारी उतरवलंही त्यानंच, सोयाबीनच्या खुंटांवर पोट घासत. विमान ओलांडून दहा पावलं पुढे गेला आणि आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ उभा राहिला. मी नातवाला खूण केली, थांब. परतताना गाडीत तो बोलला तो फक्त पोह्यांबद्दल, सांवेरच्या पोह्यात बडीशेप कमी होती म्हणून.

पुढच्या आठवड्यात गहू पेरला गेला. आता मार्चअखेर कापणी होईपर्यंत रान मिळणार नाही. गोळ्यांचा डोस एकदा वाढला आहे. वहिनी म्हणतात, सकाळी उठून स्वतःहून वर जातात, आधी उठवावं लागायचं. शेठच्या मुलानं आणखी दोन शीट पाठवली, या वेळी चौकशी करून. दादानं दुसऱ्या विमानाचे पंख कापून ठेवलेत आणि डायरीत माझ्या अक्षराखाली स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: ४९० ग्रॅम. ते ३० ग्रॅम कुठून काढायचे यावर सध्या आमचं भांडण चालू आहे. तो म्हणतो छोटी बॅटरी घेऊ. मी म्हणतो शेपटी.