दहाच्या पलीकडचं

जिम्नॅस्टिक्समध्ये कठीणपणाचे गुण वेगळे मोजायला लागले आणि त्यातलं सौंदर्य गेलं, असं मी बरीच वर्षं मानत आले आणि ठासून बोलतही आले. 2006 साली दहा गुणांची जुनी मर्यादा गेली. आता एक आकडा कठीणपणाचा, त्याला वरची सीमाच नाही. दुसरा सफाईचा, तो दहापासून खाली उतरत जातो. दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल. अनइव्हन बार्सवर मला हे सगळ्यात जास्त खुपायचं. फ्लोअरला संगीत असतं, बीमवर क्षणभर थांबणं असतं. बार्सवर मात्र अर्ध्या-पाऊण मिनिटात एक मुलगी फिरते, सुटते, धरते, पुन्हा फिरते. सगळं यंत्रासारखं वाटायचं. वाद निघाला की माझी साक्षीदार ठरलेली असे, नादिया कोमानेची. मॉन्ट्रियल, 18 जुलै 1976, वय 14, बार्सवर ऑलिंपिकमधले पहिले दहा गुण, आणि गुणफलकाला तो आकडा दाखवता येईना म्हणून झळकलेलं 1.00. सफाई म्हणजे ती, बाकी सगळी कसरत, असं माझं म्हणणं.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते बदलायला सुरुवात नादियापासूनच झाली. ते पहिले दहा तिला मिळाले सक्तीच्या संचावर. त्या काळी प्रत्येक खेळाडूला आधी सगळ्यांसाठी आखून दिलेला एकच संच करावा लागे, मग स्वतःचा. म्हणजे त्या दहा गुणांनी इतकंच सांगितलं, की जे सगळ्यांनी केलं ते हिने निर्दोष केलं. तिचं स्वतःचं काम वेगळंच होतं. वरच्या बारवरून अंग वर फेकायचं, हात सोडायचे, पाय फाकवून पुढच्या अंगाने कोलांटी घ्यायची आणि तोच बार पुन्हा पकडायचा. ही उडी आजही तिच्याच नावाने नियमपुस्तकात आहे, आणि आजही मोजक्याच जणी तिच्या वाटेला जातात. कठीणपणाच्या विरोधात मी जिला उभं केलं होतं, ती स्वतःच कठीण उड्यांची खेळाडू होती.

तिच्या चार वर्षं आधी म्युनिकमध्ये ओल्गा कोरबुट वरच्या बारवर पायांनी उभी राहिली आणि तिथून मागे कोलांटी मारून तिने बार धरला. अंतिम फेरीत तिला 9.80 मिळाले तेव्हा प्रेक्षकांनी किती तरी वेळ हुर्यो केली. सुवर्ण कारिन यांत्सला गेलं. बारवर उभं राहून घेतलेली ती कोलांटी आताच्या नियमांत बसत नाही. पण प्रेक्षक बार्सवर प्रेम करायला लागले ते अवघडपणामुळेच, हे मला आधी दिसायला हवं होतं.

आपल्याकडे तर हे सहज समजण्यासारखं होतं. 2016 साली रिओत दीपा कर्माकरने व्हॉल्टवर प्रोदुनोव्हा मारली आणि 15.066 गुणांसह तिचं कांस्य 0.15 ने हुकलं, तेव्हा देशभर कठीणपणालाच दाद मिळाली. त्यात मीही होते. पण व्हॉल्ट कळतो. धावली, उडाली, दोन कोलांट्या घेऊन उतरली. बार्सवरची अवघड जागा उडीत नसते, उडीच्या आधी असते, आणि तिथे माझं लक्षच नसायचं.

त्काचेव्ह घ्या. अलेक्सांद्र त्काचेव्ह या सोव्हिएत पुरुष खेळाडूच्या नावाची ही उडी बहुतेक प्रत्येक मोठ्या संचात असते. खेळाडू हँडस्टँडमधून खाली येते, तळाशी अंग धनुष्यासारखं ताणते आणि पाय झटक्याने वर मारते. बार फायबरग्लासचा, वर लाकडाचा थर. तो खरोखर वाकतो आणि साठवलेला जोर परत देतो. नेमक्या त्या वेळी हात सुटतात. आतापर्यंत शरीर ज्या दिशेने फिरत होतं, त्याच्या उलट दिशेने आता त्याला फिरायचं असतं आणि पाठीच्या दिशेने बार ओलांडायचा असतो. फाकलेल्या पायांमधून हात खाली येतात आणि बार सापडतो. हात पळभर लवकर सुटले तर ती बारपासून लांब पडते, उशिरा सुटले तर बारवरच आपटते.

हीच उडी सरळ मोठ्या चक्रातून घेता येते. पावलं बारवर टेकवूनही घेता येते, किंवा पाय फाकवून, अंग मिटून बारभोवती फिरत. शेवटच्या प्रकारात मिटलेलं शरीर सुटण्याआधी पूर्ण उघडायला वेळ जवळजवळ नसतोच. हवेत अर्धी गिरकी घातली की आणखी नवी गोष्ट. पावलं टेकवून घेतलेली तशी उडी ब्रिटनच्या बेथ ट्वेडलच्या नावावर आहे. पाय फाकवून घेतलेली, बेल्जियमची निना डेरवाल आणि ब्रिटनची जॉर्जिया-मे फेंटन या दोघींच्या. पूर्वी मला या दोन्ही एकच दिसायच्या. आता डेरवालचं टोकियोतलं सुवर्ण पुन्हा बघताना मी उडी सुटायच्या आधीच श्वास रोखते.

खालचा बार 170 सेंटिमीटरवर, वरचा 250 वर, आणि दोघांमध्ये आज इतकं अंतर असतं की एकावरून दुसऱ्यावर जायचं तर उडावंच लागतं. कोरबुटच्या काळी ते इतके जवळ होते की वरच्या बारला लोंबकळताना कंबर खालच्या बारवर आपटून तिथेच गुंडाळली जाई. आता उत्तर कोरियाच्या पाकच्या नावाची उडी आहे: वरचा बार सोडायचा, अंग ताठ ठेवून मागे कोलांटी, आणि खालचा बार हातात. त्यात पूर्ण एक गिरकी घातली की तिचं नाव होतं भारद्वाज. मोहिनी भारद्वाज, भारतीय वडिलांची अमेरिकन मुलगी, 2004 मध्ये अथेन्सला रौप्य जिंकणाऱ्या अमेरिकन संघात होती. गिरकीमुळे खालचा बार अगदी शेवटी दिसतो आणि हात तोवर तिथे पोहोचलेले असावे लागतात.

सगळ्यात उशिरा कळल्या त्या चिनी मुलींच्या गिरक्या, कारण त्यात हवेत काहीच घडत नाही. हँडस्टँडवर, कधी एकाच हातावर, कधी खांद्यातून अख्खा हात पिळून धरलेल्या उलट्या पकडीवर पूर्ण वळण. ते उभ्या रेषेवरच संपावं लागतं. रेषा ओलांडून खाली संपलं की गुण कापले जातात आणि पुढच्या झोक्याची लयही बिघडते. तान कितीही लांब गेली तरी समेवर यायलाच हवी, तसं हे आहे. बरं, मध्ये दम घ्यायला एक रिकामा झोका घेतला तर त्याचीही किंमत मोजावी लागते.

पॅरिसला 2024 साली अल्जीरियाची कायलिया नेमूर 15.700 गुणांनी जिंकली आणि आफ्रिकेला जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं. तिच्या संचाचा कठीणपणा 7.2. चीनची चिऊ चीयुआन 15.500 वर दुसरी. एकीची ओळख हात सोडून घेतलेल्या उड्यांची, दुसरीची हँडस्टँडवरच्या वळणांची, फरक 0.2 चा. नेमूरची ताणलेली बोटं आणि सरळ गुडघे बघताना सफाई कुठे संपते आणि कठीणपणा कुठे सुरू होतो, हे मला वेगळं करता येईना. पाय फाकवलेल्या त्या फेऱ्या अंगात पूर्ण मुरल्याशिवाय उडीला उंचीच मिळत नाही. 'सौंदर्य की कठीणपणा' हा माझा जुना वाद तिथे संपला.

कोवळ्या शरीरांची काळजी मला अजूनही वाटते. नादिया 14 वर्षांची होती हे आता मला कौतुकाचं वाटत नाही, आणि 1997 पासून किमान वय 16 झालं ते योग्यच झालं. पण बार्सवरचा कठीणपणा फक्त लहान मुलींच्याच आवाक्यातला आहे, हेही खरं नाही. ट्वेडलने लंडनला कांस्य जिंकलं तेव्हा ती 27 वर्षांची होती. बेकी डाउनी, जिच्या नावावर स्वतःचा एक त्काचेव्ह आहे, ती 32 व्या वर्षी पॅरिसच्या अंतिम फेरीत होती.

तक्रार उरली आहे ती उतरण्याबद्दल. सगळी ताकद मधल्या उड्यांवर खर्च होते आणि हल्ली किती तरी जणींचा शेवट तोच तो असतो, दोन कोलांट्या आणि त्यात एक गिरकी. अवघड उतरण्याला नियमपुस्तकाने अजून जास्त भाव द्यायला हवा, असं आता माझं म्हणणं आहे, आणि त्यावरून मी वाद घालते.