चॉकलेट आणि कवळी

माणसाचं नाव 'चिक चॉकलेट' असू शकतं, हे मला पंचविसाव्या वर्षी बँकेच्या काउंटरवर बसून कळलं. तोवर चॉकलेट म्हणजे वाणी सुट्या पैशांऐवजी हातावर ठेवतो ते, इतकंच आमचं वाणिज्य शाखेचं ज्ञान.

सांगणारे होते नगरमधल्या एका लग्नाच्या बँडमधले ट्रंपेटवाले मास्तर. (२०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं, पण मास्तर त्याआधीचे, तेव्हा ते नगरचेच राहोत.) त्यांचे पुढचे चार दात गेले होते आणि कवळीसाठी कर्ज हवं होतं. आमच्या फॉर्मात म्हैस होती, विहीर होती, शिलाई मशीन होतं. कवळी नव्हती.

"जेवणाचे हाल होत असतील, नाही?" मी सहानुभूती दाखवली.

"जेवायला काय, भाकरी कुस्करली की झालं, सायेब. वाजवायला दात लागत्यात!"

मग त्यांनी मला शिकवणीच दिली. ट्रंपेटला खटके तीनच. बाकी सगळे सूर ओठांच्या ताणावर काढायचे, आणि ओठांना मागून टेका दातांचा. टेकाच गेला की सूर निघत नाही, नुसता वारा निघतो. मागे रांग वाढत होती. मास्तर मात्र रंगात आले.

"चिक चॉकलेट ऐकलाय का कधी?"

लहानपणी त्यांनी जत्रेतल्या तंबूत १९५१ सालचा 'अलबेला' पाहिला. सगळा तंबू भगवानदादांचा नाच बघत होता आणि हे एकटे पडद्यावरच्या ट्रंपेटवाल्याकडे टक लावून! पिक्चर चार वेळा पाहिला. हा बाबा कोण, ते गावात कुणाला सांगता येईना. तबकडीवर संगीतकाराचं नाव, गायकांची नावं. फुंकणाऱ्याच्या नावानं शंख. पुढे कितीतरी वर्षांनी मुंबईत एका गोवेकर वादकानं नाव सांगितलं, तेव्हा मास्तरांना आधी थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. आर्मस्ट्राँगचा ढंग असा उचलला होता की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवायचा, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. १९५१ सालच्याच 'नादान'ला त्यानं स्वतः संगीत दिलं. १९६७ साली मुंबईत वारला.

आणि 'अलबेला'चे संगीतकार कोण? सी. रामचंद्र! म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. चिक त्यांचा सहायक. गोव्याची ही मंडळी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली. अण्णांनी चाल बांधायची आणि यांनी ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याला वाटून द्यायची. पुणतांबं हे चांगदेवांच्या समाधीचं गाव. मायना काय लिहावा ते कळेना म्हणून चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं. तबकडीवाल्यांनी वादकांच्या बाबतीत तेच केलं. फक्त त्यांना मायना ठाऊक होता. अण्णांनी निदान चिकला त्याच्या बँडसकट पडद्यावर उभं केलं. ते केलं नसतं तर मास्तर आमच्या काउंटरवर कशाला आले असते?

कर्जाचं प्रयोजन मी लिहिलं : 'व्यवसायाच्या वाद्याची दुरुस्ती.' साहेब मंजुरी देऊन मोकळे झाले, पण महिन्याभरानं म्हणाले, "चला, तारण बघून येऊ." मला घाम फुटला. मास्तरांनी साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि 'अलबेला'तला तो तुकडा असा वाजवला की साहेबांचा पाय आपोआप ठेका धरू लागला. "दुरुस्ती चांगली झालीय," साहेब म्हणाले. मास्तर हसले, तेव्हा दुरुस्ती सबंध दिसली.

शेवटचा हप्ता भरल्यावर दोन वर्षांनी मास्तर गेले. बँडवाल्यांनी त्यांना वाजवतच नेलं. आधी भजनं झाली, मग कोपऱ्यावर वळताना त्यांच्या पोरानं तोच तुकडा काढला. मधेच त्याचा श्वास तुटला, पुन्हा धरला. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. चाल सगळ्यांना पाठ होती.

माझ्या शेजारी एक शेंबडं पोरगं चालत होतं. "काका, हे कोणाचं आहे?"

"चिक चॉकलेट," मी म्हणालो.

पोरानं हात पुढं केला.