शिस्त

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी भाचीचा आठ वर्षांचा मुलगा बेळगावहून आला, तो हातात नवे पिस्तूल घेऊनच. आमच्या लहानपणी टिकल्या फोडायचे पत्र्याचे पिस्तूल असे. दोन दिवसांत त्याचा घोडा मोडायचा आणि उरलेल्या टिकल्या आम्ही दगडाने ठेचायचो. याचे पिस्तूल काळ्या प्लॅस्टिकचे, आवाज न करणारे. पण घोडा दाबला की समोर तांबडा ठिपका पडत असे. त्याने तो आधी कॅलेंडरवर पाडला, मग आईच्या फोटोवर, मग माझ्या सदऱ्यावर. त्या वेळी माझ्यासमोर एक जुना विद्यार्थी फराळाची बशी घेऊन बसला होता. ठिपका माझ्या छातीवरून सरकून त्याच्या खांद्यापर्यंत गेला मात्र, त्याने बशी खाली ठेवली आणि उजव्या डोळ्यावर हात धरला.

मुलाला वाटले, पाहुणे खेळताहेत. तो खो-खो हसला. मला हसू आले नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आमचे नवनगर हे हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध. हुबळीकर आम्हाला धारवाडचे समजतात आणि धारवाडकर हुबळीचे. घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत दोन्हींची सरमिसळ, अशी आमची तिसरी पिढी चालली आहे. तेव्हा शब्दांची देवाणघेवाण ही आम्हाला नवलाची नाही. तरी एका शब्दाने मला चकवले होते. 1983 साली मी शाळेच्या एन.सी.सी.त होतो. रेंजवर आम्हाला शिकवायला मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेले एक हवालदार होते. फौजी रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना 'उस्ताद' म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते ओरडले, ''शिस्त लो!'' आम्ही सारे पटकन सावधान होऊन उभे राहिलो. उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, ''अरे पोरांनो, उभं काय राहता? नेम धरा म्हणतोय मी!''

फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. शब्द फारसीतून आला. जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरीत असत. पुढे बंदूक गेली आणि शिस्त तेवढी शाळामास्तरांच्या हाती राहिली. कन्नडातही तो 'शिस्तु' होऊन शाळेतच येऊन बसला. आणि 'नेम' तरी काय, बंदुकीचाही असतो आणि सोमवारच्या उपासाचाही.

ती शिस्त घ्यायची कशी? पालथे झोपायचे, दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा, डावा डोळा मिटायचा. जवळची खाच, नळीच्या टोकावरची फोरसाइट आणि लांबचे निशाण या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या. डोळ्याला एका वेळी तिन्ही स्वच्छ दिसत नाहीत, हीच त्यातली मेख. उस्ताद सांगत, ''निशाण धूसर दिसलं तरी चालेल, फोरसाइट धूसर दिसता कामा नये.'' श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि घोडा ओढायचा नाही, दाबत न्यायचा. आमची पॉइंट टू टू रायफल, अंतर 25 मीटर. एवढ्याशा अंतरातही गोळी सुमारे तीन सेंटिमीटर खाली येते, हे मला फार नंतर कळले. शंभर मीटरवर ती अर्धा मीटर खाली उतरते. नळी आणि साइट यांच्यातला बारीकसा कोन हे पडणे आधीच हिशेबात धरून ठेवलेला असतो.

प्रकाश मात्र असा पडत नाही. लेझरचा शोध लागला 1960 साली. थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून तो पहिला किरण काढला. साधा प्रकाश चहूकडे पसरतो. हा एका रंगाचा आणि एका दिशेचा, दूरवर गेला तरी फारसा न फाकणारा. तो बंदुकीला जोडायची कल्पना सुचायला वेळ लागला नाही. नळीखाली नळी बसवायची. जिथे ठिपका दिसेल तिथे गोळी. ना खाच, ना फोरसाइट, ना मिटलेला डोळा. पण किरण सरळ रेषेत जातो आणि गोळी वाकत जाते. दोघांची गाठ आपण ठरवून दिलेल्या एखाद्या अंतरावरच पडते, त्याच्या अलीकडे-पलीकडे चूक. भर उन्हात तांबडा ठिपका दिसत नाही, आणि धुरात किंवा धुळीत किरणाची रेघ उमटली की मारणारा कुठे बसला आहे तेही उघड होते. शिवाय ठिपका पडला म्हणजे नेम साधला असे नव्हे. घोडा दाबताना हात हललाच तर ठिपकाही हलतो आणि गोळीही. उस्तादांचे निम्मे काम शिल्लकच राहते.

कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुण घेऊन कांस्यपदक मिळवले, ते 50 मीटरवर. तिथे दहा गुणांचे वर्तुळ असते 10.4 मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. दुर्बीण नाही, लेझर नाही. बारीक भोकातून पाहणारा उघडा डोळा, बस्स. मी ती स्पर्धा शाळेच्या कार्यालयात टी.व्ही.वर पाहिली आणि उगाच उस्तादांची आठवण काढून शिपायाला चहा पाजला.

लेझरची खरी करामत मात्र बंदुकीत नाही, निशाणी करण्यात आहे. ती आपल्या लोकांना कळली कारगिलमध्ये. 24 जून 1999 रोजी हवाई दलाच्या मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे बॉम्ब टाकले. विमानाखाली लायटनिंग नावाचे इस्रायली यंत्र टांगलेले होते. त्यातून डोळ्यांना न दिसणारा किरण शत्रूच्या तळावर धरायचा. तिथून परतणारा उजेड बॉम्बच्या नाकातली काच टिपते आणि पंख हलवून बॉम्ब त्या उजेडाकडे वळतो. किरण ठरावीक ठेक्यात लुकलुकत असतो, म्हणजे दुसऱ्याच्या ठिपक्यामागे बॉम्ब भरकटत नाही. त्या वेळचे हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस हे स्वतः त्या दिवशी एका मिराजमध्ये बसून ती कामगिरी पाहायला गेले होते. आपले मराठी नाव ऐकून आमच्या गल्लीत त्याची फार चर्चा झाली. चार जुलैला टायगर हिल आपल्या ताब्यात आले. पुढे पुण्याच्या संशोधकांचा हात लागलेले लेझरवर चालणारे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सप्टेंबर 2020 मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, के.के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून उडवून पाहिले गेले.

हे सर्व वर्गात सांगताना मी एक वाक्य नेहमी सांगे. बॉम्ब टाकून माणूस मोकळा होत नाही. तो आदळेपर्यंत कोणीतरी ठिपका निशाणावर धरून ठेवावा लागतो. ज्याने ठिपका धरला, त्याची जबाबदारी शेवटपर्यंत सुटत नाही. मुलांना हे वाक्य आवडे. मलाही आवडे.

आता 2011 सालची गोष्ट. तेव्हा मी मुख्याध्यापक नव्हतो, इतिहास शिकवायचो आणि शाळेची एन.सी.सी. पाहायचो. नववीतल्या एका मुलाकडून मी हिरव्या किरणाचा लेझर पॉइंटर जप्त केला. पेनाएवढी वस्तू. नियमाप्रमाणे तो पालकांना बोलावून परत करायचा. मी तो ठेवून घेतला, कारण मला तो आवडला. भिंतीवरच्या नकाशात पानिपतावर भाऊसाहेबांची फौज कुठे आणि अब्दालीची कुठे, हे लाकडी छडीने दाखवण्यापेक्षा हिरव्या ठिपक्याने दाखवताना वर्ग एकदम चिडीचूप होई. मास्तरला याहून काय हवे?

आमच्या तुकडीत त्या वर्षी एक फार चांगला नेमबाज होता. वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये, घरी आमच्यासारखीच मराठी. पाच गोळ्या तो एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील अशा बसवी. वर्गातली कन्नड मुले त्याला 'गुरिकार' म्हणत. गुरि म्हणजे लक्ष्य, नेम. एका शनिवारी तास संपल्यावर मी त्याच्या हातात नकाशांची गुंडाळी दिली, पॉइंटर दिला आणि एन.सी.सी.च्या खोलीची किल्लीही दिली. ''ठेवून ये,'' म्हणालो आणि चहाला गेलो.

त्या खोलीत कवायतीच्या जुन्या, निकामी केलेल्या रायफली असत. तिघा-चौघा मुलांनी त्यातल्या एकीच्या नळीखाली रबरबँडने तो पॉइंटर बांधला. सिनेमात दिसते तशी लेझरची बंदूक. एकाने ती टेबलावर टेकून धरली आणि गुरिकार समोर पुठ्ठा घेऊन उभा राहिला. ठिपका तिरका पडतो आहे असे वाटून, नळी सरळ बसली आहे की नाही हे पाहायला तो पुढे आला, वाकला, आणि उस्तादांच्या शिकवणीप्रमाणे डावा डोळा मिटून उजव्याने थेट आत पाहिले.

डोळ्याचे भिंग हे फार इमानी भिंग आहे. समांतर आलेला किरण ते केसाहून बारीक अशा एका बिंदूवर गोळा करते. ज्याकडे आपण रोखून पाहतो ते ज्या जागी उमटते, नेमक्या त्या जागी. पापणी पाव सेकंदात मिटते आणि कमी ताकदीचा किरण असेल तर तेवढ्यावर निभावते. पण स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरची ताकद वर छापलेल्या आकड्याहून किती तरी जास्त असू शकते. आणि डोळा न मिटता पाहायचे हेच तर आम्ही त्याला शिकवले होते.

तो कोणाला बोलला नाही. पुढच्या रविवारी रेंजवर त्याच्या पाच गोळ्या पुठ्ठ्यावर पाच दिशांना गेल्या. मी रागावलो. तो कन्नडातच पुटपुटला, ''सर्, गुरि काणवल्दु.'' नेम दिसतच नाही. फोरसाइटच्या जागी त्याला काळा ठिपका दिसत होता.

हुबळीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. पडद्याच्या मधोमध बारीक भाजल्याचा डाग. यावर औषध असे नाही, वाट पाहायची, असे ते म्हणाले. सहा महिन्यांत काळा ठिपका बराच फिकट झाला. पण सरळ रेघ उजव्या डोळ्याला मध्ये किंचित वाकलेली दिसे, ती तशीच राहिली. पुढे सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत तो त्या डोळ्यावरच अडला.

युद्धात माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर जगाने बंदी घातलेली आहे. 13 ऑक्टोबर 1995 रोजी व्हिएन्नाला तो करार झाला, 1998 पासून अमलात आला आणि 1999 मध्ये भारतानेही तो मान्य केला. अंतर मोजणारे, निशाणी करणारे लेझर त्यातून वगळले आहेत. मात्र त्यांनी कोणाचे डोळे जाऊ नयेत म्हणून खबरदारी घ्या, असे तिथेही लिहिले आहे. रणांगणासाठी इतका विचार झाला. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरने तरुणांचे डोळे अधू झाल्यावर 2024 साली पुण्याच्या पोलिसांना बंदीचा हुकूम काढावा लागला. आणि माझ्या टेबलाच्या खणासाठी तर नियम होताच, तो मी पाळला नाही.

हेही एक वेळ मी केव्हाच सांगून टाकले असते. न सांगितलेले पुढेच आहे. शाळेच्या नोंदवहीत या प्रकाराची हकीकत मला लिहावी लागली. मी लिहिले : 'जप्त केलेली वस्तू विद्यार्थ्यांनी परवानगीवाचून घेतली.' अक्षर सुवाच्य, खाली सही आणि तारीख. मुलांना ताकीद मिळाली, गुरिकारला सर्वांसमोर माफी मागायला लावली, आणि त्याने ती मागितली. वडील भेटायला आले होते. दारातच उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, ''सर, ती वस्तू तुमच्याकडंच होती नव्हं?'' मी म्हणालो, ''होती. पण मुलांना सांगून कळत नाही.'' ते मान हलवून निघून गेले. त्यानंतर त्या नोंदवहीखाली मी कितीतरी मुलांना शिस्तीवर उपदेश केला आहे.

गुरिकार आता जमीन मोजणीच्या कामावर असतो. तिकडे अंतर मोजायला लेझरच वापरतात. उजेड जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. एक किलोमीटर जाऊन-येऊन सेकंदाच्या दीडलाखाव्या भागाइतका वेळ लागतो, हे त्यानेच मला सांगितले. दर दिवाळीला तो येतो. कधी एक शब्द त्याने काढला नाही.

गेल्या पाडव्याला त्याने डोळ्यावर हात धरला तेव्हा मात्र मला राहवले नाही. पोराच्या हातातले पिस्तूल मी काढून घेतले, त्याला आत पिटाळले आणि नोंदवहीतले ते वाक्य गुरिकारला सांगितले. किल्ली मीच दिली होती हे त्याला ठाऊकच होते. मी काय लिहिले होते ते ठाऊक नसावे, असे मी तेरा वर्षे धरून चाललो होतो.

तो बशीतली चकली मोडत म्हणाला, ''बाबांनी वाचलं होतं सर. त्याच दिवशी, टेबलावर उघडीच होती वही.''

''मग बोलले का नाहीत?''

''मी नको म्हटलं. तुम्ही मला रेंजवरनं काढाल असं वाटलं तेव्हा.''

बायको चहा घेऊन आली. त्याने तिला विचारले, ''काकू, चकल्या यंदा बेळगावच्या का?'' मग थोड्या वेळाने मला म्हणाला, डाव्या डोळ्याने नेम धरायला तो शिकला आहे, रायफल डाव्या खांद्यावर घेऊन. रविवारी जमेल तेव्हा जातो. पूर्वीसारखे नाण्याखाली बसत नाहीत, पण बशीखाली बसतात.

''नोंद दुरुस्त करतो,'' मी म्हणालो. ती वही आता माझ्याच कपाटात असते. सोमवारी शाळा उघडली नव्हती तरी मी गेलो, पान काढले आणि त्या वाक्याखाली तांबड्या शाईने खरे काय ते लिहून आजची तारीख घातली. प्रत त्याच्या वडिलांना पोस्टाने पाठवली. त्यांचे उत्तर आलेले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पोरगे माझ्या मागे-मागे फिरत होते. ''आजोबा, याचे सेल कुठं गेले?'' सेल माझ्या खिशात होते.